कोर्टाचं दार उघडंच आहे, मग ओरड कसली?

स्पष्टवक्ता:
'लोकशाहीत न्याय फक्त पैसेवाल्यांना मिळतो' ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. कायदा सगळ्यांना एकच, कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं. आता आरोपीच्या वकिलाची फीसुद्धा सरकारने भरायची? म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या आम्ही!

काळा कोट:
भरायचीच. फ्लोरिडातल्या गिडियनवर घरफोडीचा आरोप होता, खिशात दमडी नव्हती. वकील मागितला, कोर्टाने नाकारला. स्वतःच बाजू मांडली, ५ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला, तो १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. फेरखटल्यात वकील मिळाला आणि माणूस निर्दोष सुटला. आरोप तोच होता बरं.

हेलपाटे:
आरोपींचं कौतुक पुरे! माझा भाडेकरू ना भाडं देतो, ना घर सोडतो. दर तारखेला त्याचा वकील म्हणतो, 'अशील आजारी.' एकदा तो आजारी अशील कोर्टाच्या जिन्यात सिगारेट ओढत होता. हक्क काय त्यालाच आहेत?

काळा कोट:
हे विषयांतर आहे.

हेलपाटे:
तुम्हाला विषयांतर, माझं घर अडकलंय!

निशिगंध:
विषयांतर कसलं? दिवाणी दाव्यात तुमचा गिडियन काय कामाचा? आयर्लंडच्या जोहाना एअरीला नवऱ्यापासून कायदेशीर फारकत हवी होती, वकील परवडेना. सरकार म्हणालं, स्वतः जाऊन बाजू मांडा. अगदी स्पष्टवक्त्यांची भाषा! युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७९ साली ते फेटाळलं. बहिणीच्या पोटगीसाठी मी कागद घेऊन फिरले आहे. कारकून 'प्रतिज्ञापत्र चुकलंय' म्हणून परत करायचा. काय चुकलंय, ते वकिलालाच विचारा म्हणे.

स्पष्टवक्ता:
किस्से पुरे. फुकट वकील मिळाला की उठसूट दावे ठोकतील, हेलपाटेसाहेबांची रांग अजून लांबेल.

हेलपाटे:
माझ्या खांद्यावरून बंदूक नको. रांग लांबते ती मागेल त्याला तहकुबी मिळते म्हणून. वेळकाढूपणाचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करा, मग बघा.

काळा कोट:
यावर सहमत. विलंबाचंच बोलायचं तर हुसैनआरा खातून प्रकरण, तेही १९७९ चं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी निघाले, की गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ आत, आणि खटला सुरूच नाही. यांना कुठलं दार उघडं होतं, स्पष्टवक्ते?

स्पष्टवक्ता:
बरं, कच्च्या कैद्यांपुरतं मान्य. नाहीतर रात्रभर खटल्यांचं पारायण चालेल. दिवाणीला मात्र फुकट वकील नाहीच!

निशिगंध:
उपकार झाले महाराज.

हेलपाटे:
परवा माझी तारीख आहे. या खेपेला कुठला आजार निघतो बघू.