सब्लिमेशनचे कोरे मग साध्या मगांतून वेगळे कसे काढावेत आणि त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत?

प्रश्न (सातारा, मग-छपाईचा छोटा व्यवसाय)

नमस्कार. मी सब्लिमेशनसाठी, म्हणजे कागदावरचे चित्र उष्णतेने मगावर उतरवणाऱ्या छपाईसाठी, ११ औंसांचे कोरे पांढरे मग घाऊक बाजारातून आणतो. एका खोक्यात ३६ मग असतात. मागच्या खेपेच्या खोक्यांवर कोणतीही खूण नव्हती. त्यांतील काही मगांवर चित्र ठसठशीत उतरले, तर काहींवर ते इतके फिकट उमटले की ओल्या फडक्याने रंग निघून आला. सगळा माल एकाच लॉटचा असल्याचे विक्रेता सांगतो, पण साधे, कोटिंग नसलेले मग त्यात मिसळले गेले असावेत असा माझा कयास आहे. शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही तितकेच पांढरे आणि चकचकीत दिसतात. छपाईला घेण्यापूर्वीच ते ओळखण्याची एखादी भरवशाची रीत आहे का?

दुसरा प्रश्न छायाचित्रांचा आहे. विक्रेत्याला पाठवण्यासाठी आणि माझ्या विक्रीच्या पानासाठी मला कोऱ्या मगांची छायाचित्रे हवी आहेत. मोबाइलवर पांढरा मग करडा येतो आणि त्यावर खिडकीसकट सगळी खोली उमटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (इचलकरंजी, भेटवस्तूंची छपाई)

आपला कयास बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. सब्लिमेशनची शाई तापल्यावर वायुरूप होते आणि पॉलिस्टरमध्ये शिरून तिथेच मुरते. चिनी मातीच्या झिलईत तिला शिरायला वावच नसतो. म्हणून छपाईच्या मगावर बाहेरून पॉलिस्टरचा पारदर्शक थर फवारून भट्टीत पक्का केलेला असतो. आपल्याला मग ओळखायचा नसून हा थर ओळखायचा आहे, आणि तो मगाच्या मध्यभागी कधीच दिसत नाही. तो जिथे संपतो तिथे दिसतो.

मग उलटा करून बुडाची कड डोळ्यांजवळ धरा. झिलई जिथे थांबते आणि खरखरीत, उघडी माती सुरू होते, त्या वळणावर कोटिंग असलेल्या मगाला बहुधा थराची बारीक कड, एखादा सुकलेला ओघळ किंवा जाडसर थेंब सापडतो. आतल्या बाजूला कोटिंग सहसा नसते, त्यामुळे काठाच्या आत किंचित उतरल्यावर चकाकीचा पोत बदलतो. बोट फिरवले तर तो फरक जाणवतोही. भिंगातून पाहिल्यास बाहेरच्या पृष्ठभागावर फवाऱ्याच्या मंद लाटा दिसतात, तर साधी झिलई काचेसारखी सपाट असते.

एवढ्याने समाधान झाले नाही तर कटरच्या पात्याचे टोक बुडाजवळच्या न दिसणाऱ्या भागावर हलक्या हाताने ओढा. कोटिंग असेल तर पाते रुतते आणि पारदर्शक पापुद्रा निघतो किंवा निदान बारीक ओरखडा उठतो. साध्या झिलईवरून मात्र पाते घसरते आणि मागे पोलादाची करडी रेघ राहते. मार्करची रेघ स्पिरिटने पुसून पाहण्याच्या चाचणीवर विसंबू नका, कारण ती रेघ दोन्ही मगांवरून निघते.

अखेरचा निवाडा प्रेसवरच, म्हणजे मग तापवून दाबणाऱ्या यंत्रावरच होतो. जुन्या छपाईच्या कागदाची काळ्या आणि लाल रंगाची बोटभर पट्टी कापून मगाच्या खालच्या भागावर हीट टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवा आणि आपण नेहमी वापरता त्याच तापमानाला, म्हणजे सर्वसाधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअसला, नेहमीइतकाच वेळ दाबा. मग पूर्ण निवल्यावर पट्टीच्या जागी नख घासा. कोटिंगमध्ये मुरलेला रंग नखाने हलत नाही. प्रत्येक नव्या खेपेतला असा एक मग तारीख घालून फळीवर ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन; विक्रेत्याशी बोलताना तोच आपली बाजू मांडतो. ए, डबल ए, ट्रिपल ए असे दर्जे सांगितले जातात, परंतु ही अक्षरे ज्याची त्याची असतात. एकाचा ट्रिपल ए दुसऱ्याच्या डबल ए-पेक्षा उणा निघू शकतो.

उत्तर २ (पुणे, वस्तूंचे छायाचित्रण)

ओळखीबाबत वरील उत्तर पुरेसे आहे. मी छायाचित्रांबद्दल लिहितो. विक्रेत्याला पाठवायचे छायाचित्र आणि विक्रीच्या पानावर लावायचे छायाचित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच प्रकाशात दोन्ही घेण्याचा प्रयत्न केला तर दोन्ही फसतात. पहिल्यात दोष दिसायला हवा, दुसऱ्यात आकार आणि चकाकी.

पुराव्याच्या छायाचित्रासाठी खोलीतील दिवे बंद करून एकच छोटा दिवा, मोबाइलची बॅटरीही चालेल, मगाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. अशा तिरप्या प्रकाशात कोटिंगचे ओघळ, सुईच्या टोकाएवढी छिद्रे, आत अडकलेली धूळ आणि लाटा आपापली सावली टाकून उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की हे सगळे पुसले जाते. पार्श्वभूमी गडद असावी, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि बूड, काठाची आतली बाजू व कानाचा सांधा हे तीन भाग जवळून घ्यावेत. पट्टीची चाचणी झालेला मग आणि न झालेला मग एकाच चौकटीत घेतला तर वादाला जागा उरत नाही.

आता विक्रीचे छायाचित्र. पांढरा मग करडा येतो, कारण कॅमेरा समोरचे सगळे मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरून मोजमाप करतो. मगावर बोट टेकवून फोकस पक्का करा आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, सुमारे ०.७ ते १ स्टॉपने वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). खिडकीचे प्रतिबिंब घालवायचे नसते, त्याला वळण लावायचे असते. खिडकीवर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावला की मगावर खिडकीच्या गजांऐवजी एकच मऊ उभा पट्टा उमटतो. तो कडेला, चित्राच्या जागेपासून दूर ठेवा. त्याच्यामुळेच मग गोल आणि चकचकीत वाटतो. तो पट्टाही काढून टाकला तर मग कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पोलरायझर फिल्टर विकत घेण्याची घाई करू नका, कारण तो ठरावीक कोनातून येणारी चकाकीच कमी करतो आणि गोल पृष्ठभागावर तो कोन थोड्याच भागात जुळतो.

सर्वांत जास्त काम करतो तो काळा कार्डशीट. मगाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीत येणार नाही इतक्या अंतरावर, काळ्या कागदाची एकेक उभी पट्टी ठेवा. तिचे प्रतिबिंब मगाच्या कडांवर बारीक राखाडी रेषेसारखे पडते आणि पांढरा मग पांढऱ्या पार्श्वभूमीतून सुटा होतो. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी आणि वस्तू चौकटीच्या सुमारे ८५ टक्के भागात असावी लागते. तिथे ही कड नसेल तर मगाचा आकारच हरवतो.

मोबाइल मगाच्या अगदी जवळ नेऊ नका. मीटरभर मागे सरून दोन किंवा तीन पट झूम असलेली लेन्स वापरा, म्हणजे मगाचे पोट फुगत नाही आणि बूड निमुळते होत नाही. कॅमेरा काठापेक्षा किंचित वर असावा, इतका की काठाची बारीक लंबगोल रेघ दिसेल आणि आतले बूड दिसणार नाही. ट्रायपॉड आवश्यक आहे, कारण कान उजवीकडे, कान डावीकडे आणि कान मागे अशी तीनही छायाचित्रे एकाच उंचीवरून, एकाच प्रकाशात आली तरच पुढे त्यांवर डिझाइन बसवून दाखवता येते. मग सुती हातमोजे घालून हाताळा. बोटांचे ठसे पांढऱ्या मगावर डोळ्यांना दिसत नाहीत, छायाचित्रात हमखास दिसतात.

उत्तर ३ (नाशिक)

एक सावधगिरी सुचवतो. रंग फक्त काठाजवळ किंवा बुडाजवळ फिकट येत असेल आणि मधे ठसठशीत असेल, तर मगाला दोष देण्यापूर्वी प्रेस तपासा. हीटरची पट्टी कडेला पुरेशी तापत नसेल किंवा मगाचा घेर तिच्यात नीट बसत नसेल तरी असेच होते. ११ औंसांचे सगळे मग एकाच मापाचे नसतात. सर्वसाधारणपणे उंची ९.५ सेंटिमीटर आणि व्यास ८.२ सेंटिमीटर असतो, पण व्यासात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी दाब बदलतो. दोन्ही प्रकारच्या मगांचा व्यास मोजून पाहावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सर्व मगांचा व्यास सारखाच भरला. पात्याची चाचणी केली असता फिकट आलेल्या मगांवर करडी रेघच उठली, आणि त्यांच्या बुडाच्या कडेला थर कुठेही दिसला नाही. तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे विक्रेत्याला पाठवत आहे. आणखी एक विचारतो: गरम पाणी ओतल्यावर चित्र दिसणाऱ्या काळ्या मॅजिक मगांचे छायाचित्र घेताना वरचा भाग लगेच पुन्हा काळा पडतो. त्याला काय करावे?

उत्तर २ (पुणे)

पाणी काठोकाठ भरा. पाण्याच्या पातळीच्या वरचा भाग नीट तापत नाही आणि आधी निवतो. त्यापूर्वी चौकट, फोकस आणि प्रकाश थंड मगावरच पक्के करून ठेवा. वाफ लेन्ससमोर येऊन चित्र धूसर होते, म्हणून मगाच्या तोंडावर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, पुठ्ठ्याचा गोल तुकडा ठेवा आणि रंग पूर्ण उघडला की लगेच छायाचित्रे घ्या. पाणी ओतताना बाहेर सांडलेला थेंब आधी टिपून घ्या. काळ्या पृष्ठभागावर तो वाळला की त्याचा पांढरा डाग उमटतो.