मीटिअर ३५०: कंबर आणि पिकअप, आधी पैसे कशावर घालू?

रंकाळा_३५०

मंडळी, सल्ला हवाय. रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०, २०२१ चं मॉडेल, २८ हजार किलोमीटर झालेत. करूळ नाहीतर फोंडा घाटानं कोकणात जाणं-येणं असतं, मागं बायको आणि दहा-बारा किलो सामान. तक्रारी दोन. घाट चढताना आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना पाचव्या गिअरला गाडी उचलत नाही. दुसरं, गगनबावड्याच्या पुढं माकडहाड आणि कंबर धरते. गॅरेजवाला म्हणतोय, बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा करा, फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर लावा, उघडा एअर फिल्टर टाका. बजेट पंचवीस हजार. आधी कशाला हात घालू?

लेथकाम_उद्यमनगर

भावा, इंजिन उघडू नको. या इंजिनाचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ४,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळतो आणि २०.२ बीएचपी ताकद ६,१०० ला. पाचव्या गिअरात ५५ च्या वेगाला इंजिन ४,००० च्या बरंच खाली असतं, तिथं कुठलाही सायलेन्सर काही करू शकत नाही. ट्रॉलीच्या मागं असतानाच चौथा टाकायचा, चढ असेल तर तिसरा. मीटिअरला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळं इंजिन उगाच ओरडतंय असं वाटून लोक गिअर लवकर वर टाकतात. ते ओरडत नसतं, ते त्याच्या ताकदीच्या पट्ट्यात आलेलं असतं.

मग आहे ती ताकद कुठं गळतेय ते बघ. मधल्या स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरव. लगेच थांबलं तर ब्रेक धरतोय; पावसाळ्यानंतर ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनवर चिखल आणि गंज बसून पॅड डिस्कला घासत राहतात. चेन नको इतकी ताणलेली असली तरी असंच होतं. एअर फिल्टर काढून उजेडापुढं धर. गाळपाच्या दिवसांत इकडच्या रस्त्यांवर एवढी धूळ असते, की मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच तो भरतो. क्लच बघायचा तर चढावर चौथ्या गिअरात थ्रॉटल पूर्ण पिळ: आवाज चढला आणि वेग तेवढाच राहिला, तर प्लेटा घसरताहेत.

आता बोअरचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर अचूक बोअर करून मिळतो, कामाबद्दल शंकाच नाही. पण सिलिंडर वाढला की हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त लागतं, आणि इंजेक्टर व ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जुन्याच हिशेबानं देतात. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. हे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होतं, दोन माणसं घेऊन घाट चढताना त्याला आधीच वारा कमी मिळतो. तिथं पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडणं), जळालेला हेड गॅस्केट, शेवटी पिस्टन.

नुसत्या फ्री-फ्लोचंही तेच. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, १४.७ ला १ च्या आसपास सांभाळतो, पण थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू ठरलेल्या तक्त्यावर चालतो. भर ताकदीला लागतं साधारण १३ ला १. पेट्रोलचं प्रमाण बदलणारा फ्युएल कंट्रोलर लावून डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) जुळवलं नाही तर आवाज वाढतो, ओढ नाही. उलट खालचा टॉर्क बऱ्याचदा कमीच होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) आहे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला तेवढं कारण पुरतं.

लांब_पल्ला

वरच्याशी सहमत. कंबरेचं सांगतो, कारण पैसे तिथंच घालावेत.

मीटिअरसारख्या क्रूझरला फुटरेस्ट पुढं असतात. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण पायांवर उठतो. इथं तसं उठता येत नाही, हादरा थेट माकडहाडातून मणक्यात जातो. म्हणून सुरुवात मागच्या शॉकअपपासून, आणि ती फुकट आहे. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा पायऱ्या आहेत. दोघं आणि सामान असेल तर चौथी किंवा पाचवी, दोन्ही बाजूंना तीच. बरोबर बसलंय का ते मोजून बघ: मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घे, मग दोघं बसल्यावर तेच अंतर घे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के हवा. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंग खड्ड्याआधीच दबलेली असते. टायर थंड असताना हवा भर, मागं माणूस असतानाचा मॅन्युअलमधला वेगळा आकडा बघून.

दुसरं सीट. मऊ फोम टाकू नको. दुकानात बसून छान वाटतो, तासाभरात दबून तू खालच्या प्लॅस्टिकवर बसलेला असतोस. खाली कडक रीबॉन्डेड (तुकडे दाबून चिकटवलेला) फोम, वर साधारण २० मिलिमीटर लवचिक पण घट्ट फोम. बसायची जागा सपाट आणि रुंद कर, पुढं उतार ठेवू नको, नाहीतर ब्रेक मारला की टाकीवर घसरशील. मागच्या अर्ध्यात मधोमध ५०-६० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर खोल खाच, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. शिवण वरच्या पृष्ठावर नको, बाजूला घ्यायला सांग, आणि रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद. गगनबावड्याचा पाऊस शिवणीतून आत गेला की फोम आठवडाभर वाळत नाही. मूळ सीट जपून ठेव, दुसरी विकत घेऊन तिच्यावर काम कर.

वहिनींसाठी कंपनीचीच पाठ टेकायची चौकट घे, मीटिअरच्या स्टेलर आणि सुपरनोव्हा प्रकारांना येते तीच.

रंकाळा_३५०

डोळे उघडले. मग पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी केला तर? आणि हँडल उंच करायला दोन इंची रायझर चालतील का?

लेथकाम_उद्यमनगर

दात कमी करणं हे या बजेटमधलं एकमेव खरं पिकअपचं काम. आधी स्वतःचे दात मोज. समजा पुढं १५ असतील आणि १४ केले, तर चाकाला ओढ ७ टक्के जास्त. पण हायवेला इंजिनही ७ टक्के जास्त फिरतं, थरथर आणि पेट्रोल वाढतं. बेळगावकडं हायवेनंच जास्त जात असशील तर करू नको. घाटच जास्त असेल तर पुढचा दात कमी करण्याऐवजी मागचे दोन दात वाढव, कारण लहान पुढच्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकून झिजते. मोठ्या मागच्या स्प्रॉकेटला चेनच्या कड्या कमी पडू शकतात, आधी मोजून घे. २८ हजारांना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल.

लांब_पल्ला

रायझर दोन इंची नको, २५ मिलिमीटर पुरे, आणि शक्यतो हँडल थोडं मागं आणणारे. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरव. फिरवताना आरपीएम वाढला तर थ्रॉटलची केबल ताणतेय. करूळच्या वळणात तसं झालं तर गाडी आपोआप पुढं पळेल. पुढच्या ब्रेकची होजही (तेलाची नळीही) दोन्ही टोकांना सैल राहायला हवी. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळ, १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपास.