वाळीत : तुमच्या घरात, गावात, पंथात काय घडलं?

गेल्या महिन्यात मामेभावाच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला बसलो होतो. मामी यादी वाचत होती, मी पाकिटांवर नावं घालत होते. एका नावाशी ती थबकली आणि म्हणाली, "हे राहू दे." ते नाव तिच्या सख्ख्या बहिणीचं होतं. मावशीने वर्षभरापूर्वी महाराजांच्या पादुका मठात परत नेऊन दिल्या, उपासनेला जाणं थांबवलं, एवढाच तिचा गुन्हा. मी विचारलं, "कोणी सांगितलं वगळायला?" मामी म्हणाली, "असं सांगावं लागत नाही गं."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

आपल्याकडे या प्रकाराला 'ग्रामण्य' असा खास शब्द होता, म्हणजे बघा प्रकार किती रुळलेला असेल. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची गोष्ट तर शाळेतच कळते. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण मला इतिहास नको आहे. तुमच्याबाबतीत किंवा तुमच्या डोळ्यांसमोर काय घडलं ते लिहा. पंथ, गुरू, गाव, माणूस, कोणाचंच नाव नको. तुम्ही वाळीत टाकणाऱ्यांत होतात तरी लिहा.

निळी_छत्री

घरोघर मासिकं घेऊन जाणारा पंथ, ओळखणारे ओळखतील. वाढदिवस नाही, दिवाळी नाही आणि ख्रिस्ती असून नाताळही नाही. मी पाच वर्षांची असताना आई त्यात गेली. सोळाव्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. ज्या वयात सायन्स की कॉमर्स हे धड ठरवता येत नाही, त्या वयात. यातली मेख मला फार उशिरा कळली. बाप्तिस्मा न घेता सोडलं असतं तर मी नुसती 'बाहेरची' ठरले असते, घरात बोलणं-चालणं राहिलं असतं. घेऊन सोडलं म्हणून बहिष्कृत.

ऑफिसातल्या एका मुलाबरोबर राहायला लागले. सभागृहाच्या मागच्या खोलीत तीन 'वडील' बसले होते. वयाने नव्हे, पदाने वडील. एक तर माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठा. टेबलफॅन त्यांच्याकडे फिरवलेला. किती वेळा, कुठे, कोणाच्या घरी, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी खरंच थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हटलं.

पुढच्या सभेत एक ओळ वाचली गेली : अमुक अमुक आता आपल्यापैकी नाहीत. कारण सांगत नाहीत. मी मागच्या रांगेत होते. तिसऱ्या रांगेत आई होती. तिने मान वळवली नाही, फक्त मांडीवरची पर्स उचलून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. माझ्या खुर्चीवर.

परत यायचं तर महिनोन् महिने सभेला येऊन मागे गुपचूप बसायचं, कोणी बोलणार नाही, मग अर्ज करायचा. मी चार महिने बसले. नंतर नाही जमलं.

बहीण एकदा मंडईत समोर आली. आमच्यात फ्लॉवरचा एक ढीग. तिने एक गड्डा उचलला, उलटा करून देठ पाहिला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मी जाईपर्यंत तिचं तेच चालू. तिला फ्लॉवर आवडत नाही. २०२४ मध्ये वरून नियम थोडा सैल झाला, सभेला आलेल्याला नमस्कार करायला हरकत नाही म्हणे. नंतर मी एकदा गेले तर एका काकूंनी खरंच नमस्कार केला. त्यापुढे काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही.

जुना_चाकरमानी

आमचं गाव कोकणात. आजोबांनी देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशोब मागितला. गावकीची बैठक बसली, पंचवीस हजार दंड आणि देवापुढे नारळ ठेवून माफी. आजोबा म्हणाले दंड एक वेळ देईन, माफी कसली मागू? संपलं. लावणीला माणूस मिळेना, दुकानात वाणसामान मिळेना. मुंबईच्या मंडळातूनही माझं नाव काढलं, म्हणजे परळला राहूनही सुटका नाही. आणि जो आमच्याशी बोलेल त्यालाही दंड. सगळी चावी इथे आहे. लोकांचा आमच्यावर राग नव्हता, त्यांना पाचशे रुपये परवडत नव्हते.

पण मला आठवतो तो शिमगा. आजीने पहाटे अंगण सारवलं, रांगोळी घातली. ओटीचं ताट तयार : खण, नारळ, तांदूळ. मी म्हटलं आजी, पालखी येणार नाही. ती म्हणाली, "गावकी रागावली असंल, देवी कशाला रागावंल?" ढोल जवळ येत होता. शेजारच्या घरी पालखी नाचली. मग ढोल थांबला. आमच्या दारावरून वाजवायचाही नाही असं ठरलेलं. तीस-चाळीस माणसं आमच्या कुंपणापलीकडून मुकाट्याने गेली, नुसता पावलांचा आवाज. चुलतकाकाच्या खांद्यावर पालखीचा दांडा होता. वळण ओलांडल्यावर ढोल पुन्हा सुरू. आजी ताट धरून उभीच होती. मग तिने तुळशीची ओटी भरली आणि आत गेली.

तक्रार करायला गेलो तर चौकीवर "गावातलं गावात मिटवा". अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते बरोबर आले तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. नोटिसा निघाल्या आणि गावकीला एकदम आमचा पुळका आला. दोन वर्षांपूर्वी पालखी दारात आली. तोवर आजी राहिली नव्हती. आईने ओटी भरली. मी आत टीव्ही लावून बसलो.

आडवा_प्रश्न

रागावू नका, पण प्रत्येक समूहाला नियम असतात. पटत नसेल तर सोडा. सोडल्यावर त्यांनी तुमच्याशी बोललंच पाहिजे ही सक्ती कशी करणार?

कलम_बहाद्दर

@आडवा_प्रश्न, तुमचा प्रश्न सुप्रीम कोर्टानेही घेतलाय, आणि तो अजून सुटलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या तेव्हाच्या सय्यदनांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. धर्मकारणासाठी बहिष्कृत करणं हा धर्मगुरूचा अधिकार आहे, असा त्याचा मथितार्थ. विरोधातलं एक मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. पुढे असगर अली इंजिनिअर वगैरे सुधारकांनी हा विषय लावून धरला, १९७९ मध्ये बोहरांमधल्या बहिष्कारावर नथवानी आयोगाचा अहवाल आला. त्या १९६२च्या निकालाविरुद्धची, १९८६ पासून पडून असलेली याचिका २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवली गेली. तारखा बघा नुसत्या.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण तो दुकान, स्मशान, पाणी, देऊळ यांना लागतो. निळी_छत्रीच्या बहिणीने फ्लॉवर खाली ठेवून "कशी आहेस?" विचारावं, यासाठी कलम कुठून आणणार? तेवढ्यापुरतं तुमचं खरं आहे. मात्र "पटत नसेल तर सोडा" हे तो म्हणू शकतो, ज्याची आई, नोकरी आणि कबरीची जागा तिन्ही एकाच समूहाच्या ताब्यात नाहीत.

पेन्सिल्व्हेनियाकर

आमच्या शेजारच्या काऊंटीत आमिश लोक आहेत, घोडागाडीवाले. १६९३ साली ते मूळ पंथातून फुटले, त्यातलं एक मोठं कारण हेच : बहिष्कृताशी किती कडक वागायचं. त्यांच्यातून बाहेर पडलेला एक सुतार आमच्याकडे काम करायचा. भावाकडे गेला की त्याला जेवायला मिळतं, पण वेगळ्या टेबलावर. वहिनी पोळपाटाएवढं एक टेबल मोठ्या टेबलाजवळ सरकवते, मध्ये चार बोटं फट, आणि दोन्हींवर एकच चादर घालते. नियमही पाळला आणि पंगतही मोडली नाही. मला आजीचं सोवळं आठवलं.

अनामिक (हा आयडी आजच काढला)

मी दुसऱ्या बाजूचा. गुरुवारच्या उपासनेचं हजेरीपुस्तक माझ्याकडे असायचं. कोण तीनदा आला नाही, कोणाच्या घरी तसबीर दिसली नाही, मी वर कळवायचो. चुगली वाटायचीच नाही, सेवा वाटायची. माझ्या शाळेपासूनच्या मित्राने देणगीच्या पावत्यांबद्दल विचारलं. त्याला काढलं वगैरे काही नाही. फक्त एका बैठकीत म्हटलं गेलं की काही जणांच्या सहवासाने साधना ढळते. नाव घेतलं नाही. चाळीस जणांना कळलं.

तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. मी जागा होतो. स्क्रीनवर त्याचं नाव, वाजून वाजून बंद झालं. पुन्हा वाजलं. मी मोबाइल उशीखाली घातला, तिथेही थरथरत होता. त्याची आई गेली होती. खांदा द्यायला माणसं कमी होती, हे नंतर कळलं. त्या माउलीच्या हातचं मी दहावीपर्यंत खाल्लंय.

आता मीही तिथे जात नाही. त्याला फोन लावायला सात वर्षांत हिंमत झालेली नाही.

निळी_छत्री

@अनामिक, लावा फोन. त्याने नाही उचलला तरी लावा.

वर एक गोष्ट लिहायची राहिली. गेल्या मंगळवारी खालच्या वॉचमनने हाक मारली, "ताई, एक बाई देऊन गेल्या." स्टीलचा डबा, झाकणाला आईने टोचून घेतलेली अक्षरं, बाबांच्या नावाची. आत भरली वांगी. चिठ्ठी नाही. नियमात बसतं का माहीत नाही, बहुधा नसावं.

डबा घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामा डबा परत देऊ नये, असं आईनेच शिकवलंय. भरून दिला तर ती घेणार नाही.