कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशनमध्ये मास्टर्स करून करिअर खरंच पुढे सरकतं का?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते. मी एचआरमध्ये ११ वर्षं आहे, कागदावर माझं काम रिक्रूटमेंट आणि पॉलिसी, पण गेली चार-पाच वर्षं कुठल्याही दोन टीमांचं वाजलं की फोन मला येतो. सेल्स आणि ऑपरेशन्सचे हेड सहा महिने अख्ख्या कंपनीला सीसीत ठेवून भांडत होते, ते मी मिटवलं, म्हणजे दोघं आता निदान एका खोलीत बसतात. सगळे म्हणतात तुला बरं जमतं गं हे, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये याला रकानाच नाही!! यंदा वरची पोस्ट निघाली ती एमबीएवाल्या सहकाऱ्याला गेली. तो चांगलाच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की जे जमतं त्याचीच डिग्री घ्यावी.

तर प्रश्न असा की कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशनचं मास्टर्स कोणी केलंय का? नोकरी सांभाळून होतं का? आणि पुढे त्याला कोणी विचारतं का, की भिंतीवर आणखी एक फ्रेम? नवऱ्याचं म्हणणं आहे की दोन दिवसांचं वर्कशॉप कर आणि गप्प बस. (त्याच्याशी चाललेलं हे भांडण मात्र मला मिटवता आलेलं नाही.)

खडूस_काका:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 'कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन स्पेशालिस्ट हवे आहेत' अशी जाहिरात तुम्ही शेवटची कधी पाहिली? नोकऱ्या असतात त्या एम्प्लॉयी रिलेशन्स, लेबर रिलेशन्स, ओम्बड्स ऑफिस (तक्रारी तटस्थपणे ऐकणारं), ग्रीव्हन्स, कॉन्ट्रॅक्ट डिस्प्यूट्स अशा नावांनी, आणि तिथे घेताना आधी बघतात तुम्ही मुळात कोण आहात, वकील, एचआर, इंजिनियर, नर्स. म्हणजे ही डिग्री फोडणीसारखी, मूळ भाजी तुमची तुम्हाला आणावी लागते. तुमच्याकडे ११ वर्षांची भाजी आहे हे बरंय. कॉलेजातून थेट बाहेर पडून हे करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

डिग्रीआधी एक करा. तुम्हाला जी पोस्ट हवीशी वाटते तशा वीसेक जाहिराती काढा आणि पात्रतेच्या ओळी एका कागदावर उतरवा. डिग्री किती ठिकाणी मागितली, मीडिएशनचं म्हणजे मध्यस्थीचं सर्टिफिकेशन किती ठिकाणी, नुसता अनुभव किती ठिकाणी. एका संध्याकाळचं काम आहे, ते न करता लोक दोन वर्षं आणि सगळी बचत घालवतात.

पायवाट:
मी केलंय, आणि आधी चुकीचं केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

नावं सारखी वाटतात पण आत तीन-चार वेगळे विषय आहेत. 'पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीज' म्हणजे बहुतांशी युद्धं, यादवी, शांतता करार, संशोधन. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात याचा विभाग १९७१ पासून आहे, इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला १९७३ पासून, कोस्टा रिकातली युनिव्हर्सिटी फॉर पीस तर १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातून निघाली. दुसरं 'डिस्प्यूट रिझोल्यूशन', ते बरेचदा लॉ स्कूलमध्ये, मीडिएशन आणि लवाद. तिसरं बिझनेस स्कूलवाल्यांचं 'निगोशिएशन अँड कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट'. आणि काही जागी या सगळ्याची मिसळ.

मी नुसतं नाव वाचून पहिल्या प्रकारात शिरले. मला शिकायचं होतं दोन डिपार्टमेंट हेडना कसं बोलतं करायचं, आणि पहिल्या सेमिस्टरला मी शिकत होते की उप्सालाच्या जगभरातल्या संघर्षांच्या डेटात एखादा संघर्ष 'सशस्त्र संघर्ष' म्हणून मोजायला वर्षाला लढाईतले किमान २५ मृत्यू लागतात आणि 'युद्ध' म्हणायला १०००. आमच्या ऑफिसात परिस्थिती वाईट होती पण इतकी नाही.

पण गंमत म्हणजे सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट त्याच कोर्समधली. योहान गाल्टुंग नावाचे नॉर्वेचे अभ्यासक, १९५९ मध्ये ऑस्लोची शांतता संशोधन संस्था उभी करणाऱ्यांतले, त्यांनी 'निगेटिव्ह पीस' आणि 'पॉझिटिव्ह पीस' असा फरक केला. मारामारी थांबली ही पहिली. मारामारी ज्या रचनेतून उगवते ती रचनाच बदलली ही दुसरी. आता तुझे ते दोन हेड बघ. एका खोलीत बसतात ही झाली निगेटिव्ह पीस. मला सांग, सेल्सला बोनस कशावर मिळतो आणि ऑपरेशन्सला बोलणी कशावरून बसतात?

अर्धविराम:
सेल्सला ऑर्डर बुक झाली की. ऑपरेशन्सला डिलिव्हरी उशिरा झाली की. आणि डिलिव्हरीची तारीख कबूल करतं सेल्स.

अरे देवा.

पायवाट:
हो ना! म्हणजे ते दोघं जाऊन उद्या दुसरे आले तरी भांडणारच, स्वभावाचा प्रश्न नाहीये तो. तू हे दर सहा महिन्यांनी मिटवत बसशील आणि दर वेळी लोक म्हणतील तुला बरं जमतं. मिटलेलं भांडण कोणाला दिसत नाही, म्हणून त्याला रकाना नाही.

याच्यावर एक आख्खा विषय आहे, डिस्प्यूट सिस्टिम डिझाइन. विल्यम युरी, जीन ब्रेट आणि स्टीफन गोल्डबर्ग यांनी १९८८ मध्ये तो नीट मांडला. तंटा सोडवायचे तीन मार्ग, कोणाला काय हवंय यावरून, कोणाचा हक्क आहे यावरून आणि कोणाची ताकद जास्त यावरून. त्यातला ताकदीचा मार्ग सहसा सगळ्यात महाग पडतो, तरी बऱ्याच कंपन्यांत पहिली धाव साहेबाकडेच. तर अशी यंत्रणा बांधायची की बहुतेक प्रकरणं पहिल्याच पायरीला मिटतील. हे जमायला लागलं की तू विझवणारी राहत नाहीस, वायरिंग बदलणारी होतेस, आणि वरच्या पोस्टवर लोक वायरिंगवाल्यांना घेतात. मास्टर्स करायचं तर हा विषय सिलॅबसमध्ये आहे का ते आधी बघ, नसेल तर माझ्या मते तुझ्यासाठी तो कोर्स नाही.

मध्यममार्गी:
मी मीडिएटर आहे, आधी वकिली करायचो. दोन गैरसमज दिसले की दूर करावेसे वाटतात.

एक, मास्टर्स केलं म्हणून कोणी मीडिएटर होत नाही. बऱ्याच देशांत त्याचं प्रशिक्षण आणि मान्यता वेगळी असते, पायाभूत कोर्स बरेचदा ४० तासांचा, आणि मग अनुभवी माणसाच्या शेजारी बसून खरी प्रकरणं. या क्षेत्राला वजन येतंय हे खरंय, २०१९ मध्ये सिंगापूर कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या आणि १२ सप्टेंबर २०२० पासून तो लागू झाला, त्यामुळे मीडिएशनमधून झालेला आंतरराष्ट्रीय व्यापारी समझोता सदस्य देशांत अंमलात आणायला सोपा झाला. पण प्रकरणं येतात ती नावावर, आणि नाव व्हायला वर्षं जातात. नोकरी सोडून यात उडी मारणार असाल तर पहिली काही वर्षं कशावर चालवायची ते ठरवूनच मारा.

दुसरं जरा बोचेल. तुम्ही एचआर आहात, तुमचा पगार कंपनी देते, म्हणजे तुम्ही तटस्थ नाही, कितीही प्रामाणिक असलात तरी. समोरच्याला ते माहीत असतं, म्हणून तो तुम्हाला अर्धंच सांगतो. ओम्बड्स ही भूमिका म्हणूनच वेगळी काढलेली असते, स्वतंत्र, निःपक्ष, गोपनीय आणि अनौपचारिक, संयुक्त राष्ट्रांतही कर्मचाऱ्यांसाठी असं ऑफिस आहे. तुम्हाला ते आवडत असेल तर लक्ष्य ते ठेवा. आणि छळवणुकीची, धमकावण्याची तक्रार असेल तर कृपया 'चला दोघं बसून बोलू या' करू नका. एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी असेल तर ती मांडवली होते, मीडिएशन नाही. हे कुठे थांबायचं ते कळणं मला डिग्रीपेक्षा मोठं वाटतं, चांगल्या कोर्समध्ये ते शिकवतात, पण सगळीकडे नाही.

अर्धविराम:
बोचलं. दोन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण आठवलं, तेव्हा मी दोघांना बसवलं होतं आणि ती मुलगी सगळ्याला हो हो म्हणाली आणि महिन्याभरात राजीनामा देऊन गेली. मी ते 'मिटलं' म्हणून लिहिलं होतं.

रात्रपाळी:
मी हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे, नोकरी करत पार्ट टाइम मास्टर्स केलं, अडीच वर्षं लागली, त्यातले सहा महिने मी घरात कोणाशी धड बोललेच नाही आणि विषय काय तर संवाद. असो.

थिअरी पुस्तकातून घरबसल्या वाचता येते. १९८१ मध्ये फिशर आणि युरी यांनी वाटाघाटींवरच्या पुस्तकात भूमिका आणि गरज वेगळी करायला सांगितली, ते एका वीकेंडला कळतं. थॉमस-किलमनची विधानांच्या ३० जोड्यांची प्रश्नावली अर्ध्या तासात भरून होते आणि आपण वाद टाळणारे की ओढणारे ते कळतं (मी टाळणारी निघाले, कोणालाच आश्चर्य वाटलं नाही). ज्याला पैसे द्यावेत ते म्हणजे रोलप्ले, आणि कोणीतरी कसलेल्या माणसाने मागे बसून बघणं. पहिल्यांदा माझा व्हिडिओ दाखवला तेव्हा २० मिनिटांच्या सेशनमध्ये जवळजवळ अर्धा वेळ मीच बोलत होते, आणि मला वाटत होतं मी ऐकतेय. गप्प बसायला शिकायला मला एक सेमिस्टर लागलं.

वर्गात मॅनेजमेंटच्या अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांचं १९२५ सालचं उदाहरण सांगितलेलं. लायब्ररीच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, कारण त्याला हवी होती हवा आणि त्यांना नको होता अंगावर येणारा उत्तरेचा वारा. ऐकायला किती सोपं. पण भांडण चालू असताना शेजारची खोली दिसतच नाही हो, सगळी गोम तिथे आहे.

मग ऑनलाइन की प्रत्यक्ष? ऑनलाइन चालेल, पण विचारा की प्रॅक्टिकमचे म्हणजे प्रत्यक्ष सरावाचे तास किती, फीडबॅक कोण देतं, वर्गात माणसं किती. या तीन प्रश्नांना जे गोल गोल उत्तर देतात त्यांना सोडा. एका नावाजलेल्या ठिकाणी मला तीन ईमेलनंतरही तासांचा आकडा मिळाला नाही, फी कधी भरताय एवढं मात्र लगेच विचारलं.

प्रमोशनचं विचाराल तर मिळालं, पण डिग्रीने नाही, प्रोजेक्टने. आमच्याकडच्या तीन वर्षांच्या तक्रारी घेऊन (परवानगी काढून, नावं पूर्ण काढून टाकून) मी बघितलं की भांडणं कधी होतात. सगळ्यात जास्त शिफ्ट बदलतानाच्या अर्ध्या तासात!! पेशंटची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा. आम्ही त्या हँडओव्हरची पद्धत बदलली आणि तक्रारी कमी झाल्या. तो कागद मी वरच्यांसमोर ठेवला. त्यांना डिग्रीचं नाव आजही नीट सांगता येत नाही.

खडूस_काका:
आता हे मला पटलं. अर्धविराम, आणखी एक. त्याच फिशर-युरींची बाटना म्हणून गोष्ट आहे, म्हणजे बोलणी फिसकटली तर आपल्या हातात दुसरं काय आहे. तुम्ही जगाची भांडणं सोडवता, पण स्वतःच्या पोस्टसाठी साहेबाशी वाटाघाट केली होती का, की अप्रेझलला मान डोलवून बाहेर आलात?

अर्धविराम:
मान डोलवून. वर थँक्यू पण म्हणाले.

बरं, इतक्या लोकांनी वेळ काढला म्हणून काय ठरतंय ते लिहिते. काल रात्री जाहिरातींचा तो कागद केला. २२ काढल्या, मास्टर्स 'असल्यास उत्तम' असं ५ ठिकाणी, मीडिएशनचं सर्टिफिकेशन ९ ठिकाणी, आणि तक्रारी हाताळल्याचा अनुभव जवळपास सगळीकडे. म्हणजे आधी ४० तासांचा कोर्स, नवरा दोन दिवस म्हणत होता, मी दोन वर्षं, पाच दिवसांवर तह झाला. सोबत गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे आलेली प्रकरणं रात्रपाळी म्हणतात तशी मांडून बघणार, परवानगीसाठी आजच मेल टाकलाय. मास्टर्सचा अर्ज पुढच्या वर्षी, आणि सिस्टिम डिझाइन असलेल्या दोनच ठिकाणी. पायवाट, त्यातल्या एकाचा सिलॅबस मला नीट कळत नाहीये, पाठवू का?

पायवाट:
पाठव. इलेक्टिव्हची यादी पण जोड, कारण मुखपृष्ठावर असतो तो विषय आणि त्या वर्षी खरंच शिकवतात तो विषय यात फरक असतो. आणि सेल्सचा बोनस कोण ठरवतं तेवढं शोधून ठेव.

अर्धविराम:
तो एमबीएवाला ठरवतो. नव्या पोस्टमध्ये ते त्याच्याचकडे आलंय. उद्या अकराला वेळ मागितलाय त्याच्याकडे.