सोसायटीखाली मायक्रोब्रुअरी: परवान्याआधी रहिवाशांची ना हरकत हवी की नको?

बाणेरचा_सेक्रेटरी
मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवी बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. घोषणा दुकानांबद्दल होती. आमच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत मायक्रोब्रुअरी काढायचा अर्ज गेलाय आणि गाळामालक म्हणतो, "हे दुकान नाही, तुम्हाला विचारायचा प्रश्नच येत नाही." माझं मत उलटं आहे. दुकानाला लागते तर हिला आधी लागली पाहिजे. शॉपीतून माणूस बाटली घेऊन निघून जातो. इथे मागे बीअर शिजणार, पुढे लोक रात्री दीडपर्यंत बसणार. उत्पादन शुल्क खातं शाळा-देवळापासून ७५ मीटर मोजतं. वरच्या मजल्यावर लेकरू झोपतं ती खोली किती फुटांवर आहे, हे कोण मोजतं? रविवारी सभा आहे, मतं सांगा.

कोथरूडकर
माझा ना हरकतीलाच विरोध. गाळा मंजूर नकाशात व्यापारी आहे, मालकाने व्यापारी भावाने घेतलाय, मेंटेनन्स भरतोय. २००९ मध्ये देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक पुण्यात सुरू झाली, म्हणजे हा धंदा शहराला नवा नाही. आणि कमिटीच्या हातात सही दिली की काय होतं ते आपण पाहतोच. बॅचलर नकोत, मटण शिजवणारे नकोत, हे ठरवणारी तीच माणसं. उद्या सहीसाठी "सोसायटी फंडाला काहीतरी द्या" सुरू होईल. पैसेवाला सुटेल, सरळ माणूस अडकेल.

दुसरा_मजला
कोथरूडकर, तुम्ही पबच्या डोक्यावर राहिलेले दिसत नाही. आम्ही राहतो. गाणं ऐकू येत नाही, फक्त बास येतो, पलंगाच्या पायातून. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. तक्रार केली की पोलिस येतात, आवाज उतरतो, गाडी कोपऱ्यावर वळली की पुन्हा चढतो. दीडला बंद झाल्यावर खुर्च्या फरशीवर ओढतात, मग खाली गाड्या काढताना भांडणं. सासूबाईंना झोपेची गोळी सुरू करावी लागली. हे परवाना देताना कुठल्या कागदावर येतं?

मॉल्ट_आणि_पाणी
मी या धंद्यात आहे, ब्रूइंग करतो. आवाजाबद्दल ताईंचं म्हणणं खरं आहे, पण तो बारचा त्रास आहे आणि साध्या परमिट रूमचाही तितकाच होतो. ब्रुअरीचे प्रश्न वेगळे, आणि ते सुटतात. उकळताना तासभर वास येतो, त्यासाठी वाफ गार करून पाणी करणारा कंडेन्सर बसवता येतो. उरलेला ओला मॉल्ट, म्हणजे धान्याचा चोथा, गोठेवाले आनंदाने नेतात, पण तो त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबून माश्या धरतात. सगळ्यात मोठी गोष्ट सांडपाणी. टाकीच्या तळाचा यीस्टचा गाळ थेट ड्रेनेजमध्ये सोडला तर त्याचा प्रदूषणाचा भार घरगुती सांडपाण्याच्या कित्येक पट असतो, चेंबर फेसाने वर येतं. तो वेगळा गोळा करायची टाकी हवी. शिवाय एक लिटर बीअरमागे ४ ते ६ लिटर पाणी, लहान ब्रुअरीत त्याहून जास्तच. बाणेरमध्ये टँकर कुणाच्या वाट्याचा, हे आधी विचारा. नीट चालवणाऱ्याला या प्रश्नांची भीती वाटत नाही.

आडवी_बाटली
परवाना मिळाल्यानंतर तो बंद करणं काय असतं, हे मी आमच्या वॉर्डात पाहिलंय. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग मतदान. आणि आमच्या वेळी यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूने, लागायची. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या! निम्म्या कामावर, काही माहेरी, काही घर सोडून गेलेल्या पण नाव तसंच. आम्ही हरलो. म्हणून सांगते, विचारायचं तर आधीच विचारा.

कोथरूडकर
ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. तरी सांगा, विचारायचं कुणाला? ज्या इमारतीत गाळा आहे त्या सोसायटीला? समजा त्यांनी भाड्याच्या लोभाने सही दिली. भिंतीपलीकडच्या बंगल्यातले आजोबा, समोरच्या गल्लीत ज्यांच्या गेटपुढे गाड्या लागणार ते, यांचं काय? त्यांची सहीच नाही.

बाणेरचा_सेक्रेटरी
हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी मागणी वाढवतोय. सही फक्त आमची नको. आवाज आणि पार्किंग जिथवर पोचतं तिथल्या सगळ्यांची सुनावणी परवान्याआधी घ्या. गाळाची टाकी, मॉल्टची रोजची उचल, संगीताची वेळ या अटी परवान्यावरच लिहा. ३१ मार्चला नूतनीकरण असतं, तेव्हा वर्षभराच्या तक्रारी समोर ठेवा. मे २०२४ ला कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले, आणि मग पबवर कारवाया झाल्या. तिथले रहिवासी त्याआधीपासून तक्रारी करत होते.

कोथरूडकर
अटींना माझी हरकत नाही, लिहा. पण अट मोडली हे सह्यांवरून ठरवू नका. ध्वनिमापक चौकीत हवा, रात्री अकराला येऊन दुसऱ्या मजल्याच्या खोलीत मोजणी व्हायला हवी, पंचनामा हवा. आकडा वर गेला तर परवाना थांबवा, मी तुमच्या बाजूने अर्जावर सही करीन. आकडा खाली असेल तर मात्र त्या माणसाला धंदा करू द्या.