रटलंड वॉटर: बझर जाड होतो आणि वेळेत बुडत नाही

लेस्टरकर: एप्रिल-मेमध्ये इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर जलाशयाच्या काठावरून रेनबो ट्राउट माशासाठी काळा बझर (मिज किड्याच्या कोषासारखी, हुकवर बांधलेली नकली माशी) वापरतोय. १२ नंबरचा वाकडा ग्रब हुक, काळा दोरा, चंदेरी तार, वरून यूव्ही रेझिन (यूव्ही टॉर्चच्या उजेडात घट्ट होणारा लेप). माशी जाड होते, हळू बुडते. लाइन ओढत राहिलो तरी मासे फिरकत नाहीत. चूक बांधणीत आहे की ओढण्यात?

दोरा_बॉबिन: बांधणी आधी सुधारा. हुकच्या डोळ्यामागून (ओवायच्या छिद्रामागून) दोरा गुंडाळत हुकच्या वळणात अर्ध्यापर्यंत जा, सोबत तार बांधून घ्या आणि परत या. एवढे दोनच थर पुरे. मधूनमधून बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं साधन) उलटा फिरवून पीळ काढा, म्हणजे दोरा चपटा बसतो. तारेचे पाच-सहा विरळ वेढे, दोऱ्याच्या उलट दिशेने.

माशीच्या छातीच्या (डोळ्यामागच्या फुगीर भागाच्या) मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना नारिंगी गूज बायट (हंसाच्या पिसाचे कडक तंतू) बांधा. छाती दोऱ्याने किंचित फुगवा, बायट पुढे ओढून डोळ्यामागे पक्के करा. रेझिन सुईच्या टोकाने लावा. थेंब पोटाखाली जमतो, म्हणून टॉर्च मारेपर्यंत हुक फिरवत राहा. रेझिन हुकपेक्षा खूप हलकं असतं. जाड थराने फक्त घेर वाढतो आणि बुडणं मंदावतं. डोळ्यात गेलेलं रेझिन टॉर्च मारण्याआधीच काढा.

काठावरचा: बांधणीइतकाच ओढण्याचाही दोष आहे. बझरचा कोष वळवळत, थांबत वर येतो. पळणारा बझर ट्राउटला खोटाच वाटणार.

फ्लोटिंग (तरंगणारी) लाइन, १५ ते १८ फूट फ्लुरोकार्बन लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा), ६ पौंडी म्हणजे ६ पौंड ताण सोसणारा. तीन माश्या, मध्ये साधारण ५-५ फूट. सर्वांत जड माशी टोकाला. वारा बाजूने येईल अशी जागा धरा. उजव्या हाताने फेकत असाल तर डावीकडून आलेला बरा, लाइन अंगावर येत नाही. वाऱ्याला आडवं फेका, माश्या बुडू द्या आणि लाइनला वाऱ्यासोबत वाहू द्या. फिगर ऑफ एटने (लाइन बोटांवर इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू गोळा करत) फक्त ढील आवरायची, माश्या ओढायच्या नाहीत. नजर रॉडच्या टोकाखाली लोंबणाऱ्या लाइनवर ठेवा: ती सरळ होऊ लागली की रॉड शांतपणे उचला. जोरात झटका दिलात तर ६ पौंडी तुटेल.

पहिल्या फेकीला बुडायला दहा सेकंद द्या, मग दर फेकीला पाच-पाच वाढवा. मासा लागला की तोच आकडा धरून ठेवा.

दोरा_बॉबिन: संध्याकाळी वारा पडला आणि मासे पाठ दाखवत वर येऊ लागले, तर जड बझर त्यांच्या खालून जातो. तेव्हा सर्वांत वरच्या ड्रॉपरला (लीडरच्या बाजूच्या फाट्याला) सीडीसी शटलकॉक (बदकाच्या मऊ पिसांची तरंगणारी माशी) लावा. सीडीसीला तरंगवायचं जेल लावू नका, पिसं चिकटतात. कोरडी पावडरच वापरा.