स्टेंटआधी केमोची फाइल दाखवा

कॅन्सरच्या गाठीने मोठ्या आतड्याची वाट बंद झाली की स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालावा, म्हणजे पोटावरची पिशवी (शौच गोळा करण्यासाठी लावतात ती) टळते, असं या चर्चेत सुचवलं गेलंय. डाव्या बाजूच्या गाठीत बऱ्याचदा टळते, खरंय. ब्रिटनमधल्या क्रेस्ट चाचणीतही स्टेंटमुळे पिशवीचं प्रमाण घटलं. पण आतडं फुटण्याच्या धोक्याबद्दल कुणीच बोललं नाही. केमोसोबत देतात ते बेव्हॅसिझुमॅब नावाचं कॅन्सरचं इंजेक्शन चालू असेल तर तो वाढतो.

माझ्या मावशीच्या वेळी पोट ढोलासारखं टम्म फुगलेलं, उलट्या चालू, आणि सर्जनचा पहिलाच प्रश्न, "केमोत कोणतं औषध आहे?" डिस्चार्ज कार्डावर हेच नाव दिसल्यावर त्यांनी स्टेंटचा विचार सोडला आणि गाठीच्या वरचं आतडं पोटावर काढून पिशवी दिली. त्यामुळे कृपया, मध्यरात्री धावपळीत निघालात तरी केमोची फाइल सोबत घ्याच. आणि गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर स्टेंट सहसा टाळतात, कारण सतत कळ येत राहते.